दर एप्रिलला फुगणारं, दर जुलैला वाजणारं विनाइल साइडिंग

विनाइल साइडिंग म्हणजे बाहेरच्या भिंतीवर एकीत एक अडकवून लावायच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या. त्याबद्दलची तक्रार जवळजवळ शब्दशः तीच असते. "बसवलं तेव्हा भिंत कशी सपाट होती. पहिल्याच उन्हाळ्यात पट्ट्या लाटांसारख्या फुगल्या. बसवणाऱ्याला बोलावलं, तो आणखी स्क्रू मारून गेला. पावसात खडखड वाजायला लागलं, परत बोलावलं, तर सगळ्या फटी सिलिकॉनने भरून गेला. आता आतल्या खोलीत ओल आलीय, आणि यंदा फुगवटा आधीपेक्षा जास्त."

मी गोव्यात, पेडणे आणि बार्देशात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि बाहेरच्या भिंतींची कामं करतो. नवीन साइडिंग बसवण्यापेक्षा आधीचं सोडवून पुन्हा लावण्याचीच कामं माझ्याकडे जास्त येतात. सोडवून बघावं तर आत दरवेळी तेच दोन गुन्हेगार: गच्च आवळलेले स्क्रू आणि भरलेलं सिलिकॉन. म्हणजे दुखणं ज्याने झालं, तेच औषध म्हणून पुन्हा दिलेलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. घरमालकाने एवढं वाचलं तरी पुढच्या वेळी "अजून चार स्क्रू मार" असं त्याच्या तोंडून येणार नाही.

मूळ गोष्ट एकच आहे. हे आवरण भिंतीवर टांगायचं असतं, भिंतीत जखडायचं नसतं. शेतात लावणीच्या वेळी बायका डोक्यावरून इरलं घ्यायच्या ते आठवा. इरलं अंगाला चिकटलेलं नसे. पाणी वरून ओघळून जाई आणि आत वारा खेळता राही. साइडिंगचं काम नेमकं तेवढंच. ते भिंतीवर फिरवलेलं वॉटरप्रूफिंग नाही, भिंतीने घेतलेलं इरलं आहे.

पट्टी फुगते कशी

विनाइल म्हणजे पीव्हीसी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घरांच्या बाहेरच्या भिंतींसाठी ते वापरात आलं. तिकडची घरं लाकडी चौकटीची, वर फळ्या नाहीतर प्लायवूड. खिळा मारला की धरतो. बसवण्याच्या सूचनाही अशाच घरांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि वर गिलावा, त्यामुळे बसवणारा त्या सूचना बाजूला ठेवतो आणि टाइल किंवा प्लाय लावल्यासारखं काम करतो. घोळ इथूनच सुरू होतो.

एक मीटर पट्टी एका अंशाने तापली की साधारण ०.०७ मिलिमीटर लांबते. ऐकायला काहीच नाही. पण अख्खी पट्टी असते १२ फूट ६ इंच, म्हणजे ३.८ मीटर. पहाटे आणि दुपारी तीन वाजता पट्टीच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर ती जवळजवळ ८ मिलिमीटर लांब होते. इथे हवेच्या तापमानावर जाऊ नका. किनाऱ्याजवळ हवा एप्रिलमध्ये ३३-३४ अंशांच्या आसपासच असते. पण उन्हात तळणारी पट्टी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, गडद रंगाची तर आणखीच.

आता स्क्रूचा हिशेब बघा. दोन स्क्रूंमध्ये ४०० मिलिमीटर अंतर आहे आणि दोन्ही आवळून बसवलेत. तेवढा तुकडा ३० अंशांनी तापला की ०.८४ मिलिमीटर वाढतो. त्याला बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून तो कमानीसारखा बाहेर येतो. भूमितीने मोजलं तर मधोमध तब्बल ११ मिलिमीटर. मिलिमीटरभरही नसलेली वाढ बोटभर फुगवटा करून दाखवते, ती अशी.

मध्ये आणखी एक स्क्रू मारला तर? तुकडे २०० मिलिमीटरचे होतात, फुगवटा साडेपाच-सहा मिलिमीटरवर येतो, पण लाटा दुप्पट होतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सुधारलं. जादा स्क्रूवर लोकांचा विश्वास बसतो तो यामुळे. पट्टीवरचा ताण मात्र तसाच राहतो. दोन-तीन उन्हाळे तो सोसून पट्टीला बाक कायमचा बसतो. मग स्क्रू सैल केले तरी ती सरळ होत नाही.

आणि हे बहुतेक वेळा पश्चिमेच्याच भिंतीवर का दिसतं? दुपारनंतरचं तिरपं ऊन तिच्यावर पडतं, आणि जूनपासून नैऋत्येचा वारा पाऊस घेऊन तिच्यावरच येतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. फुगवट्याची आणि ओलीची तक्रार एकाच भिंतीची असते, म्हणून लोकांना वाटतं की पट्टी फुगली आणि त्या फटीतून पाणी शिरलं. पुष्कळदा तसं नसतं. ओल वेगळ्या वाटेने आलेली असते, त्याकडे पुढे येतो.

आधी निदान, मग हत्यार

पहिली तपासणी हाताने. सकाळी ऊन चढण्याआधी पट्टीला दोन्ही तळवे लावा आणि ती डावीकडे-उजवीकडे सरकवून बघा. नीट टांगलेली पट्टी थोडी सरकते, दोन-चार मिलिमीटर तरी. जागची हलत नसेल तर स्क्रू आवळलेले आहेत, किंवा पट्टीच्या वरच्या कडेला असलेल्या लांबट खाचेच्या मध्याऐवजी टोकाशी मारलेले आहेत, किंवा पट्टीची टोकं खिडकीकडच्या जे-चॅनलला, म्हणजे टोकं झाकणाऱ्या खाचेच्या पट्टीला, भिडली आहेत.

कुठलं ते लाटेच्या आकारावरून कळतं. ठरावीक अंतरावर सारख्या लाटा असतील तर स्क्रू. एकच मोठी कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल तर टोकांना फट नाही. फुगवटा वरपासून खालपर्यंत एका उभ्या रेषेत असेल तर मागची पट्टी किंवा भिंतच बाहेर आलेली आहे. तिथे दोष साइडिंगचा नाही, ओळंबा न धरणाऱ्याचा आहे. आणि एकाच ठिकाणी, टेबलाएवढ्या भागात विनाइल वितळल्यासारखं ओघळलं असेल तर उष्णता बाहेरून येते आहे. साधारण ७० अंशांच्या पुढे विनाइल मऊ पडायला लागतं. समोरच्या नव्या बंगल्याच्या आरशासारख्या काचा दिवसातला तास-दीड तास ऊन नेमकं तिथे फेकत असतील. न्हाणीघरामागे पाणी तापवायचं भाण असेल आणि तिथल्या चुलीची धग भिंतीला लागत असेल, तरी हेच होतं. अशा जागी नवी पट्टी लावून पैसे घालवू नयेत. काचेला सावली करा, चूल हलवा, किंवा तेवढी भिंत उघडीच ठेवा.

आवाजाचंही तसंच. सकाळी ऊन अंगावर आल्यावर आणि संध्याकाळी ऊन उतरताना टक्-टक् असा आवाज येत असेल तर पट्टी सरकायला बघते आहे आणि अडकते आहे. वारा नसतानाही आवाज येतो ही त्याची खूण. फक्त वाऱ्यात खडखड होत असेल तर खालची कड खालच्या पट्टीत पुरती अडकलेली नाही, किंवा स्क्रू फार विरळ आहेत. टक्-टक् ऐकून स्क्रू आवळणं म्हणजे दुखऱ्या जागी दोरी करकचून बांधणं.

सोडवून पुन्हा लावणं

हे काम पावसाच्या आधी करायचं, पण भर दुपारी नाही. तापलेली पट्टी आधीच लांबलेली असते, मापं चुकतात.

पट्टी पट्टीत अडकलेली असते, ती सोडवायला आकडीचं एक छोटं हत्यार मिळतं, त्याला झिप टूल म्हणतात. वरच्या पट्टीच्या खालच्या कडेत आकडी घालून खाली ओढत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायची, चेन उघडल्यासारखी कड सुटत जाते. मग खालच्या पट्टीचे स्क्रू दिसतात. जो स्क्रू खाचेच्या मधोमध आहे तो फक्त सैल करा. जो टोकाशी आहे तो काढून मध्यावर नव्याने मारा. स्क्रूचं डोकं आणि पट्टी यांत सुमारे ०.८ मिलिमीटर फट हवी. ही मोजायची सोपी युक्ती सांगतो. जुनं एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी जवळजवळ तेवढीच असते. कार्डाला एका बाजूने खाच कापा, ती स्क्रूच्या दांड्याभोवती सरकवा, डोकं कार्डाला टेकेपर्यंतच स्क्रू फिरवा आणि कार्ड ओढून काढा. माझ्याकडच्या नव्या पोरांच्या खिशात असं एक कार्ड असतंच. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे झटके देत स्क्रू पिळणारं यंत्र, या कामाला नको. तो थांबायच्या आत स्क्रू आवळून मोकळा होतो.

स्क्रू मारताना पट्टीच्या मध्यापासून टोकांकडे जा, ४०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, आणि पट्टी वर ओढून ताणू नका. खालच्या पट्टीत अडकली की जिथे सहज बसते तिथेच स्क्रू. बरेच मेस्त्री ती घट्ट बसावी म्हणून वर खेचून धरतात, आणि ताणलेल्या पट्टीची खाच स्क्रूवर टेकून बसते. मग सैल ठेवलेल्या स्क्रूचा उपयोग काय?

टोकांना जे-चॅनलच्या आत ६ मिलिमीटर फट हवी. जानेवारीच्या गार सकाळी बसवत असाल तर आणखी दोन-तीन मिलिमीटर जास्त, कारण पट्टीचं सगळं वाढणं अजून पुढे आहे. टोकं भिडलेली सापडली तर पट्टी उतरवून पत्र्याच्या कात्रीने तेवढी कापा. कात्रीची पाती प्रत्येक वेळी पुरती मिटू देऊ नका, कड चिरते. दोन पट्ट्या जोडताना एकीवर दुसरी इंचभर चढवायची. वरची कड वाऱ्याला पाठ देऊन ठेवायची, म्हणजे नैऋत्येची झड जोडाच्या तोंडात शिरत नाही.

बाक बसलेल्या पट्ट्या सरळ होत नाहीत. त्या फेकून देण्यापेक्षा छोट्या तुकड्यांना वापरा, खिडकीखाली किंवा मागच्या दाराशी. आणि पट्टीच्या पुढच्या अंगावर, दिसेल अशा जागी स्क्रू कधीही मारू नका. तो एक स्क्रू अख्खी पट्टी जखडतो.

स्क्रू कुठले, आणि ते धरतात कशात

सोडवलेल्या दहा घरांपैकी निम्म्यांत तरी मला जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू सापडतात. स्वस्त आणि हाताशी असतात म्हणून वापरले जातात. त्यांचं डोकं निमुळतं असतं, ते खाचेत रुतून बसतं आणि पट्टी जखडते. वर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात, पांढऱ्या भिंतीवर तांबूस ओघळ उतरतात. चपट्या रुंद डोक्याचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. मांद्रे, मोरजीसारख्या समुद्राला लागून असलेल्या गावांत ३१६ ग्रेडचे, आत डिचोली-फोंड्याकडे ३०४ पुरे.

पण खरा प्रश्न स्क्रूच्या मागे काय आहे हा. गिलाव्यात प्लग घालून थेट पट्टी लावलेली मी पुष्कळ पाहिली. गिलावा १५-२० मिलिमीटरचा, प्लग त्यातच संपलेला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा अशाच भिंतींच्या पट्ट्या प्लगांसकट निघून माडांना अडकल्या होत्या. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा, छोटा प्लग त्यातही सैल पडतो. भिंतीवर आधी उभ्या पट्ट्यांचा सांगाडा करावा लागतो, ४०० मिलिमीटरच्या अंतराने, आणि तो गिलावा ओलांडून चिऱ्यात खोल जाणाऱ्या लांब अँकरने धरावा लागतो. साधं लाकूड नको, ओल्या चिऱ्यावर वाळवी लागायला वेळ लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप चांगला. सांगाडा ओळंब्यात नसेल तर मागे पातळ फळकुटं घालून आधी तो सरळ करा. इथे घाई केली तर पुढचं सगळं सुबक काम वाया जातं.

या उभ्या सांगाड्याचा दुसरा फायदा म्हणजे पट्टी आणि भिंत यांत हवेला वाट मिळते. आता ओलीकडे येऊ.

ओल येते कुठून

साइडिंगच्या मागे थोडं पाणी जाणारच. झडीचा पाऊस आडवा येतो, जोडांतून थेंब शिरतात. म्हणूनच पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत आलेलं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून. सिलिकॉनवाला नेमकी तीच भोकं आणि खालची फट भरून टाकतो. मग पावसाचं पाणी आणि चिऱ्यातून वर चढणारी जमिनीची ओल दोन्ही आत कोंडली जाते, आणि ऑगस्टमध्ये आतल्या कपाटामागे काळी बुरशी दिसते. पेडण्याच्या एका घरी म्हाताऱ्या काकी मला म्हणाल्या, "अरे बाबा, भिंत झाकली नव्हती तेव्हा पावसात ओली व्हायची आणि दिवाळीपर्यंत वाळायची. आता वाळतच नाही." त्यांनी दोन वाक्यांत अख्खं निदान सांगून टाकलं होतं.

तेव्हा पट्टीच्या खालच्या कडेचं, जोडांचं आणि जे-चॅनलमधलं सिलिकॉन खरवडून काढा. खाली सुरुवातीच्या पट्टीशी आणि वर वळचणीखाली हवेची वाट मोकळी ठेवा. पाली, मुंग्या आणि कुंभारीण माश्या आत घर करतात, म्हणून त्या वाटेवर स्टेनलेस जाळी लावा. कुंभारणीच्या मातीने भोकं बुजतात, गणेशचवथीच्या साफसफाईत एकदा ती काडीने मोकळी करत जा. साइडिंग जमिनीपासून निदान वीतभर वर सुरू करा. पागोळ्यांचं लाल पाणी उडतं ते मग नुसत्या जोत्यावर उडतं.

सांगाड्याच्या आधी भिंतीवर पाणी अडवणारा पण वाफ बाहेर जाऊ देणारा कागद लावतात, त्याला हाउसरॅप म्हणतात. तो मिळत नसेल तर गिलाव्याच्या भेगा भरून भिंतीला चांगलं बाहेरचं कोटिंग द्या. पण कोणी निळी ताडपत्री किंवा साधं प्लास्टिक मारू म्हणेल तर हात धरून थांबवा. चिऱ्यातली ओल त्यामागे अडकली तर घराच्या आत उतरते.

आणि बहुतेक वेळा गळतीचं खरं ठिकाण खिडकीच्या डोक्यावर असतं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी हवी. तिची वरची कड हाउसरॅपच्या मागे आणि पुढची कड जे-चॅनलवरून बाहेर, म्हणजे मागून ओघळत आलेलं पाणी खिडकीवरून पुढे टाकलं जातं. हे काम झाकलं जातं, कोणाला दिसत नाही, म्हणून ते सर्वात आधी गाळलं जातं. खिडकीच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात ओल दिसली तर पट्ट्यांना हात लावण्याआधी वर ही पट्टी आहे का ते बघा.

एक गैरसमज आणि एक मत

आतल्या छताला लावायचे पोकळ पीव्हीसी पॅनेल बाहेरच्या भिंतीला लावून त्याला विनाइल साइडिंग म्हटलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांना सरकायला लांबट खाचा नसतात आणि ते उन्हासाठी बनवलेले नसतात. हात फिरवला की पांढरी पूड लागते, दोन-तीन वर्षांत कडा तडकतात. तिथे स्क्रू सैल करून काही साधत नाही, ते काढणं एवढाच इलाज. विकत घेताना वरच्या कडेला लांबट खाचा आणि खालच्या कडेला भोकं दिसतात का ते हातात धरून बघा.

मत असं, की जुन्या चिऱ्याच्या घराला चुन्याचा गिलावा शाबूत असेल आणि वळचण रुंद असेल, तर त्यावर साइडिंग चढवू नये. आपल्या लोकांनी पश्चिमेच्या भिंतीवर पावसापुरते माडाच्या चुडतांचे झाप बांधले आणि पाऊस सरला की सोडले, त्यामागे भिंत वाळली पाहिजे हीच समज होती. वळचण दोन फूट वाढवणं साइडिंगपेक्षा पुष्कळ वेळा स्वस्त पडतं. जिथे वळचणच नाही, भिंत सिमेंटची आहे आणि वर मजला आहे, तिथे साइडिंग खरंच उपयोगी पडतं आणि नीट टांगलं तर पुष्कळ वर्षं टिकतं. साफ करायला ३० टक्के पांढरं विनेगर आणि ७० टक्के पाणी, मऊ ब्रश, एवढं बुरशीला पुरतं. प्रेशर पंपाचा फवारा खालून वर मारू नका, पाणी पट्टीच्या मागे जातं.

काम झाल्यावर खरी परीक्षा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात होते. त्या रात्री झड ओसरली की टॉर्च घेऊन पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहा आणि खालच्या कडेची भोकं बघा. त्यांतून थेंब थेंब पाणी पडत असेल तर निश्चिंत झोपा. पाऊस थांबून तास झाला तरी भोकं कोरडी, आणि आत भिंतीला हात लावला तर गार-दमट, असं असेल तर खालचं सिलिकॉन अजून कुठेतरी राहिलेलं आहे. उजाडल्यावर ते शोधा.